आडनावाशिवाय कसे जगावे : श्रीपेरुंबुदूरला निघालेल्यांसाठी प्राथमिक पाठ

पुस्तिका कोणासाठी

चाकण, रांजणगाव, सातपूर किंवा वाळूज इथं सुखानं नोकरी चालली असताना ज्यांच्या टेबलावर एके दिवशी श्रीपेरुंबुदूरच्या बदलीचा कागद येऊन पडला, अशा मराठी माणसांसाठी ही पुस्तिका आहे. गाव चेन्नईच्या अलीकडे चाळीसेक किलोमीटरवर, कांचीपुरम जिल्ह्यात. रस्ता शोधायला नको. पुण्याहून सातारा, कऱ्हाड, कोल्हापूर करत जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ बेळगाव, बंगळूर, वेल्लूर मागं टाकून याच गावावरून चेन्नईत शिरतो. शेजारच्या इरुंगाट्टुकोट्टैला १९९८ पासून ह्युंदाईच्या गाड्या बनतात, सुंगुवारचत्रमला मोबाइल फोन जुळतात. कामाची ददात नाही. भात आठवडाभरात अंगवळणी पडतो, उकाडा वर्षभरात. भाषेचं काम खुणांवर आणि मोडक्या इंग्रजीवर निभावतं.

अडतं ते एकाच जागी. समोरच्यानं नाव सांगितलं की मराठी जीभ आपोआप पुढचा प्रश्न टाकते : "आडनाव?" इथं त्या प्रश्नाला उत्तर नसतं. उत्तर नसलं की मराठी माणूस कासावीस होतो. माणूस समोर उभा आहे, पण तो ठेवायचा कुठल्या फडताळात? त्या कासाविशीवरचा उपाय पुढच्या पाठांत दिला आहे.

लागणारे साहित्य

एक वही. एक पेन्सिल (पेन नको, खोडावं लागणार आहे). तमिळनाडूचा नकाशा. देवळांची यादी. आणि 'कुठले?' हा शब्द निदान तीन महिने न वापरण्याची तयारी.

पाठ १ : आडनाव उतरवून ठेवणे

आधी आपली सवय तपासा. आपल्याकडं 'देशमुख' एवढं सांगून कुणाची सुटका झालेली नाही. "कुठले देशमुख?" मग गाव. मग "म्हणजे अमक्यांचे तुम्ही कोण?" जोशी सांगितलं तर देशस्थ की कोकणस्थ. पाटील सांगितलं तर काहीच कळत नाही, म्हणून चौकशी आणखी दहा मिनिटं लांबते. विचारणारा शेवटी म्हणतो, "नाही, नातं निघतंय का बघत होतो." नातं काय निघत होतं, ते दोघांनाही ठाऊक असतं.

तमिळनाडूतही अशी शेपटं होती : अय्यर, अय्यंगार, मुदलियार, पिळ्ळै, चेट्टियार, नाडार, नायकर. फेब्रुवारी १९२९ मध्ये चेंगलपट्टूला, म्हणजे तुमच्या नव्या मुक्कामापासून तासा-दीड तासाच्या अंतरावर, स्वाभिमान चळवळीची प्रांतिक परिषद भरली. नावापुढची जातीची शेपटं टाकून द्या, असा ठराव तिथं झाला. चळवळीचे पुढारी ई. व्ही. रामसामी यांनी स्वतःचं 'नायकर' सोडलं आणि ते नुसते पेरियार झाले. ठराव आपल्याकडंही पुष्कळ होतात. हा मात्र लोकांनी पाळला. दोन-तीन पिढ्यांत शाळेच्या पटावरून, मतदारयादीतून, लग्नपत्रिकांतून शेपटं झडत गेली. पुढं चेन्नईच्या रस्त्यांच्या पाट्यांवरूनही ती पुसायला घेतली.

*सावधान :* आडनाव गेलं म्हणजे जात गेली, असं वहीत लिहू नका. ती आता "नेटिव्ह कुठलं?" या प्रश्नाच्या पोटात राहते, वधूवर-सूचक जाहिरातींत तर चौकट आखून बसते. फरक इतकाच की इथं तिच्यापर्यंत पोचायला थोडे श्रम पडतात. आपल्याकडं ती दारावरच्या पाटीवर कोरलेली असते.

*सराव :* आरशासमोर उभे राहून दहा वेळा म्हणा, "तुमचं नाव काय?" आणि तिथंच थांबा.

पाठ २ : आद्याक्षर सोडवणे

तमिळ नावात पहिलं अक्षर वडिलांचं आणि पुढं माणसाचं स्वतःचं नाव. आर. सरवणन म्हणजे राजेंद्रनचा किंवा रामसामीचा मुलगा सरवणन. नाव एकच, आणि ते शेवटी येतं. 'आर.' हे नाव आणि 'सरवणन' हे आडनाव समजून "मिस्टर सरवणन" म्हणाल, तरी कुणी रागावणार नाही. त्यानं 'सरवणन' म्हणूनच हाक मारून घ्यायची असते. तुमची चूक झाल्याचं तुम्हालाही कळत नाही, म्हणून हा पाठ लवकर पाठ होत नाही.

कधी आद्याक्षरं दोन असतात. तेव्हा पहिलं बहुधा गावाचं. सी. एन. अण्णादुरै यांच्यातला 'सी' कांचीपुरमचा, कारण इंग्रजांनी कांचीपुरमचं कंजीवरम केलं होतं. लेखक आर. के. नारायण यांच्यातला 'आर' राशीपुरमचा. आपण गाव नावाच्या शेपटाला बांधतो आणि 'कर' लावून उघड करतो. दीनानाथांनी मंगेशीवरून मंगेशकर घेतलं, आणि ते गाव गाण्याबरोबर जगभर गेलं. तमिळ माणूस तेच गाव नावाच्या तोंडाशी ठेवतो आणि एका अक्षरात झाकून टाकतो.

एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांच्या आद्याक्षरांत 'एम' मदुरैचा आणि 'एस' षण्मुखवडिवूंचा. त्या सुब्बुलक्ष्मींच्या आई, वीणावादक. देवदासींच्या घराण्यात मुलीला आईचं नाव लागे. महाराष्ट्र सरकारनं १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या बाळांच्या नावात आईचं नाव घालणं बंधनकारक केलं तेव्हा आपण पुरोगामी म्हणून स्वतःची पाठ थोपटली. सुब्बुलक्ष्मी ते अक्षर घेऊन शंभर वर्षांपूर्वी मैफलीत बसत होत्या.

बाईचं लग्न झालं की एवढंच होतं : वडिलांचं अक्षर जातं, नवऱ्याचं येतं. आपल्याकडच्या रीतीपुढं हे किरकोळ आहे. आपण तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहून मुलीला मुळापासून बदलत असू. कल्याणच्या यमुनेची आनंदी जोशी झाली. टिळकांच्या घरात तापीबाई आल्या आणि सत्यभामाबाई झाल्या. खुद्द टिळकांचं पाळण्यातलं नाव केशव. त्यांना मात्र कुणी बदललं नाही, 'बाळ' म्हणून लाडच झाले.

*सराव :* विश्वनाथन आनंद या नावातलं नाव कोणतं? उत्तर : आनंद. विश्वनाथन हे वडील. बुद्धिबळाच्या जगानं मात्र त्यांना वर्षानुवर्षं 'विशी' म्हटलं, म्हणजे लाडानं वडिलांना हाक मारली. विश्वविजेत्याची ही गत, तेव्हा तुमची झाली तर वाईट वाटून घेऊ नका.

*प्रगत विद्यार्थ्यांसाठी :* ज्यांच्या पारपत्रावर एकच नाव आहे, त्यांना अमेरिकेच्या व्हिसावर पहिलं नाव 'अज्ञात' अशी नोंद मिळू शकते. नोव्हेंबर २०२२ पासून संयुक्त अरब अमिरातींनी एकशब्दी नावाच्या पारपत्रावर पर्यटक म्हणून प्रवेश देणं थांबवलं. तेव्हा परदेशी कामावर जाणाऱ्या तमिळ सहकाऱ्याला फॉर्म भरताना मदत करू लागलात, तर त्याचे वडील आडनावाच्या रकान्यात बसवा. ते तिथं मुकाट बसतात.

पाठ ३ : नावावरून गावाचा देव

आडनाव नाही म्हणून नकाशा वाया गेला असं समजू नका. तमिळ पहिलं नावच पुष्कळदा नकाशा असतं, पण त्यावर माणसाचं घर दिसत नाही, त्याच्या आईवडिलांचा नवस दिसतो. पुढची यादी पाठ करा.

एकांबरम, वरदराजन, कामाक्षी : कांचीपुरम.
पार्थसारथी : चेन्नईतलं तिरुवल्लिकेणी, जिथं मिशीवाला कृष्ण अर्जुनाचा सारथी म्हणून उभा आहे.
कपाली, कर्पगम : मयिलापूर.
अरुणाचलम, अण्णामलै : तिरुवण्णामलै.
नटराजन, चिदंबरम : चिदंबरम. (इथं गावच माणसाचं नाव होतं. माजी अर्थमंत्री आठवा.)
रंगराजन, रंगनाथन : श्रीरंगम.
त्यागराजन : तिरुवारूर.
मीनाक्षी, चोक्कलिंगम : मदुरै.
एळुमलै, वेंकटेशन : तिरुपती. 'एळुमलै' म्हणजे सात डोंगर.

मुरुगनसाठी वेगळं पान राखा. तो आपला कार्तिकेय, पण इथं आला की ओळखू येत नाही. आपल्याकडं तो ब्रह्मचारी, बायकांनी त्याचं दर्शन घ्यायचं नाही अशी जुनी चाल. इथं त्याला वळ्ळी आणि देवयानै अशा दोन बायका आहेत, आणि नवरा म्हणून तो अत्यंत लोकप्रिय आहे. म्हाळसा-बाणाईच्या खंडोबाला जेजुरीत पाहिलेल्याला हे चटकन समजतं. मुरुगनची नावं अशी : सहा तोंडं म्हणून आरुमुगम आणि षण्मुगम, शरवणाच्या बेटात वाढला म्हणून सरवणन, हातात भाला म्हणून वेलन आणि वेलायुधम, बापाला ओंकाराचा अर्थ शिकवला म्हणून स्वामिनाथन, तिरुचेंदूरवरून सेन्दिल, पळनीवरून पळनी आणि पळनिसामी, जवळच्या तिरुत्तणीवरून तणिगैवेल आणि तणिकाचलम. एका शिफ्टमध्ये हे सगळे भेटतील. सगळे एकच देव आहेत. हजेरीपत्रकात मात्र वेगवेगळे लिहा.

*टीप :* याच कारणानं एका खात्यात पाच सरवणन निघतात. तेव्हा आद्याक्षराचं महत्त्व पटतं. "सरवणनला बोलवा" म्हणणारा नवशिका. "एम. सरवणनला बोलवा" म्हणणारा जुना.

पाठ ४ : उच्चार

आपल्याला ळ येतो, या फुशारकीनं मराठी माणूस इथं उतरतो. 'कनिमोळि', 'अन्बळगन', 'तमिळ' यांतला आवाज आपल्या ळच्या शेजारचा आहे, तोच नव्हे. आपली जीभ टाळूला टेकून सुटते. इथं ती मागं वळवून अधांतरी धरायची, कुठंही टेकू द्यायची नाही. पहिले काही दिवस घशातून जो आवाज येईल तो घरच्यांना ऐकवू नका.

दुसरी अडचण इंग्रजी पाट्यांची. तमिळ माणूस टी हे अक्षर 'ट'साठी राखतो आणि 'त'साठी टी-एच लिहितो. म्हणून लता, कविता, कार्तिक यांच्या नावांत एच दिसतो. तो एच वाचून 'लथा' आणि 'कार्थिक' म्हणू नका. मराठी वर्तमानपत्रांनी ज्याला वर्षानुवर्षं 'सेंथिल' छापलं, तो स्वतःला 'सेन्दिल' म्हणतो. तमिळ लिपीत क, ख, ग, घ यांना मिळून एकच अक्षर आहे. जागेवरून वाचायचं. हे आपल्याला कसं कळतं, असं तमिळ माणसाला विचारलं तर तोच गोंधळतो, कारण त्याला ते कधी शिकवावं लागलेलं नसतं.

हाक मारताना नावाला अण्णा किंवा अक्का जोडा. दोन्ही शब्द आपलेच असल्यासारखे आहेत. धाकट्याला तंबी. साहेबाला सार. वयस्क माणसाला मात्र आदरानं 'काका' म्हणू नका. इथं 'काक्का' म्हणजे कावळा. आणि सहकाऱ्याच्या घरी जेवायला गेलात, आतून त्याच्या बायकोनं "एन्नंग!" अशी हाक दिली, तर ते त्याचं टोपणनाव समजू नका. ते 'अहो' आहे. नवऱ्याचं नाव न घेण्याची रीत दोन्हीकडं सारखी. आपण त्यावर उखाणे रचले, त्यांनी विषय तिथंच संपवला.

पाठ ५ : नाव ठेवणाऱ्यांचे प्रकार

नवस फेडणारे आईबाप पाठ ३ मध्ये येऊन गेले. उरलेले चार प्रकार असे.

*पहिला, शुद्धिवादी.* १९१६ मध्ये वेदाचलम नावाच्या विद्वानांनी शुद्ध तमिळची चळवळ उभारली आणि सुरुवात स्वतःपासून केली. वेदाला तमिळ शब्द मरै, अचलाला मलै. ते मरैमलै अडिगळ झाले. त्यांच्याही आधी सूर्यनारायण शास्त्रींनी स्वतःचं परितिमार् कलैञर् करून घेतलं होतं. पुढं द्रविड चळवळीतले नारायणसामी नेडुंचेळियन झाले, रामय्या अन्बळगन झाले. सावरकरांनी आपल्याला महापौर आणि दिनांक दिले, पण विनायकरावांचा 'विनायक' तसाच राहिला. इथं पुढाऱ्यांनी स्वतःच्या अंगावर भाषाशुद्धी करून घेतली. आता पाळण्यात यालिनी, इनियन, कयलविळी, तमिळसेल्वन ही नावं झोपलेली असतात. गंमत अशी की दक्षिणामूर्ती हे नाव टाकून ज्यांनी नवं घेतलं, त्या तमिळच्या कैवाऱ्याचं नवं नाव 'करुणानिधी' हेही अस्सल संस्कृतच निघालं. ते त्यांना कुणी सुनावल्याचं दिसत नाही.

*दुसरा, विचारवंत.* याच करुणानिधींना १ मार्च १९५३ रोजी मुलगा झाला. चार दिवसांनी मॉस्कोत स्टॅलिन वारले. शोकसभेत बापानं मुलाचं नाव जाहीर केलं. मुथुवेल करुणानिधी स्टॅलिन या नावात आजोबा, वडील आणि सोव्हिएत रशिया असे तिघे एका रांगेत उभे आहेत. रशिया बरखास्त झाला. नाव मुख्यमंत्री झालं.

*तिसरा, कृतज्ञ.* वॉशिंग्टन सुंदर हा क्रिकेटपटू १९९९ मध्ये चेन्नईत हिंदू घरात जन्मला. त्याच्या वडिलांच्या गरिबीच्या दिवसांत वॉशिंग्टन नावाच्या एका निवृत्त लष्करी माणसानं त्यांच्या फीचे आणि क्रिकेटचे लाड पुरवले होते. ते ऋण नावात फेडलं. अमेरिकेशी संबंध शोधणाऱ्या मराठी समालोचकांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

*चौथा, धास्तावलेले.* मुलं जगत नसत, तेव्हा जन्मलेल्या बाळाला उकिरड्यावर लोळवून कुप्पुसामी म्हणत. 'कुप्पै' म्हणजे कचरा. भीक मागून आणल्याचा आव आणून पिच्चै म्हणत. देवाला वाटावं, हा माल काही नेण्याजोगा नाही. इथं मराठी विद्यार्थ्यानं भाषांतर करत बसू नये. आपल्या आजोबा-पणजोबांची यादी काढावी. केरबा, उकिर्डा, दगडू, धोंडू, भिकाजी. दोन भाषांच्या आया यमाला एकाच युक्तीनं फसवत होत्या. त्यातला एक पिच्चै सुंदरराजन या मुलाच्या नावाच्या तोंडाशी बसला, अमेरिकेत गेल्यावर उलटून सुंदर पिचै झाला आणि गूगलच्या मुख्याधिकाऱ्याच्या पाटीवर जाऊन पोचला. आपले भिकाजी इतके लांब गेले नाहीत, हा दोष नावाचा नाही.

या प्रकाराची दुसरी बाजू हसण्यासारखी नाही, म्हणून ती थोडक्यात. तिरुत्तणीकडच्या काही गावांत मुलीवर मुलगी झाली की तिचं नाव 'वेण्डाम' ठेवत. त्याचा मराठी अर्थ शोधायला साताऱ्याला जावं लागेल. ऑक्टोबर २०११ मध्ये जिल्हा प्रशासनानं एका कार्यक्रमात २८५ मुलींची नावं बदलली. त्या सगळ्यांचं नाव नकोशी किंवा नकुसा होतं. केरबाचं नाव यमाला फसवायला होतं. नकोशीचं नाव कुणालाही फसवायला नव्हतं. ते मनात होतं तेच होतं. बारशाला आपण 'नाव ठेवतो' म्हणतो आणि निंदेला 'नावं ठेवतो'. इथं दोन्ही कामं एकाच पाळण्यापाशी उरकली गेली.

पाठ ६ : स्थानिक अभ्यासदौरा

रविवारी सुट्टी असते. गावातल्या आदिकेशव पेरुमाळच्या देवळात जा. परंपरेनुसार १०१७ मध्ये रामानुजाचार्य या गावात जन्मले. वडील केशव सोमयाजी, आई कांतिमती. तिरुवल्लिकेणीच्या पार्थसारथीला केलेल्या यागानंतर मूल झालं. मामा तिरुमलै नंबी यांनी नाव ठेवलं इळैयाळ्वार. लक्ष्मणाला इथले वैष्णव इळैय पेरुमाळ, म्हणजे धाकटे देव, म्हणतात. रामानुज म्हणजे रामाचा धाकटा भाऊ. म्हणजे लक्ष्मण, रामानुज, इळैयाळ्वार ही तीन नावं एकाच पोराची, आणि तिन्हींचा रोख एकाकडंच.

तुमच्या कामाचा भाग पुढं आहे. या माणसाला जन्मभर नावं मिळत गेली, आणि प्रत्येक नाव कशानंतरतरी मिळालं. संन्यास घेतला तेव्हा यतिराज. श्रीरंगमचा कारभार हाती आला तेव्हा उडैयवर. ब्रह्मसूत्रांवर लिहिलं तेव्हा भाष्यकार. तिरुकोष्टियूरच्या गुरूंनी गुप्त मंत्र दिला आणि कुणाला सांगितलास तर नरकात जाशील म्हणून बजावलं. रामानुज देवळाच्या गोपुरावर चढले आणि खाली जमलेल्या सगळ्या जातींच्या लोकांना तो ओरडून सांगितला : इतके जण तरतील तर मी एकटा नरकात गेलो तरी चालेल. गुरू आधी संतापले, मग त्यांनीच शिष्याला एम्पेरुमानार हे नाव दिलं. मेलकोट्यात तर त्यांनी स्वतःच दुसऱ्यांना नाव दिलं, अशी परंपरा आहे. ज्यांना गाव शिवायलाही तयार नव्हतं त्या लोकांना ते तिरुक्कुलत्तार म्हणाले, म्हणजे श्रीच्या कुळातले. चेंगलपट्टूच्या परिषदेआधी आठशेहून अधिक वर्षं, कुळाचा कॉलम असा भरला गेला होता. पुढं इरोडला जन्मलेल्या, कुंभकोणमला वाढलेल्या एका अय्यंगार मुलाला हेच नाव मिळालं. त्याच्या नावाआधीचा श्रीनिवास म्हणजे वडील. गणितात जग ज्याला ओळखतं तो रामानुजन एवढाच.

गावात राजीव गांधींचं स्मारक आहे. २१ मे १९९१ च्या रात्री इथं बॉम्बस्फोटात त्यांची हत्या झाली. तिथं जाल तेव्हा वही बंद ठेवा. एवढं मात्र माहीत असू द्या की राजीव म्हणजे कमळ, आणि त्यांच्या आजीचं नाव कमला. आजीच्या नावाला नातवात जपण्याची ही रीत तमिळ घरांतही तितकीच पक्की आहे. पहिल्या नातवाला आजोबांचं नाव. सासऱ्याचं नाव घेऊन पोराला रागवायचं कसं, म्हणून सून त्याला कण्णा म्हणते. सोनू आणि बाळू आपल्याकडं त्याच गरजेतून आले.

पाठ ७ : मराठी अभिमान आवरणे

हा पाठ फक्त आपल्यासाठी. इथं दोन-तीन ठिकाणी तुम्हाला भरून येईल.

तंजावरच्या भोसल्यांचं नाव तुम्ही 'सरफोजी' वाचलं असेल. इथं पाटीवर 'सेरफोजी' आहे. सरस्वती महाल ग्रंथालय नावारूपाला आणणारे ते दुसरे सरफोजी. अभिमानानं छाती फुगवण्याआधी उगम पाहा. मालोजीराजांना अहमदनगरच्या शाह शरीफ या पिरावरून दोन मुलं झाली असं घराण्यात मानत, म्हणून एकाचं नाव शहाजी, दुसऱ्याचं शरीफजी. शरीफजीचा सरफोजी झाला, सरफोजीचा सेरफोजी. मुसलमान पिराचं नाव मराठा राजानं कावेरीकाठी आणलं आणि तमिळ जिभेनं ते गोल केलं. तंजावरला मराठी राज्य आणणारे व्यंकोजी, त्यांच्या नावात तर तिरुपतीचा वेंकटेश आधीच बसलेला होता. म्हणजे मराठे दक्षिणेत आले तेव्हा दक्षिण त्यांच्या नावात होतीच.

दुसरी जागा सिनेमाची. बंगळूरला १२ डिसेंबर १९५० रोजी एका मराठी घरात शिवाजीराव गायकवाड जन्मला. नाव महाराजांवरून ठेवलेलं. के. बालचंदर यांनी १९७५ मध्ये त्याला पडद्यावर आणलं तेव्हा नाव बदललं, कारण तमिळ सिनेमात शिवाजी आधीच एक होता. त्याचं मूळ नाव व्ही. सी. गणेशन, अण्णादुरै यांच्या नाटकात त्यानं छत्रपती इतके उत्तम उभे केले की पेरियारांनी त्याला शिवाजी ही पदवी दिली. म्हणजे मराठी शिवाजी रजनीकांत झाला, कारण तमिळ गणेशन शिवाजी होऊन बसला होता. २००७ मध्ये रजनीकांतचा चित्रपट आला, त्याचं नाव 'शिवाजी'. पन्नाशी उलटल्यावर त्या माणसाला स्वतःचं नाव भूमिका म्हणून करायला मिळालं.

*सूचना :* हे सगळं कँटीनमध्ये सांगताना "रजनी मूळचा आपला" असं म्हणू नका. ते तुमच्याकडं शांतपणे पाहतील, आणि सांबार पुढं सरकवणार नाहीत.

परीक्षा

प्रश्न १. जोड्या लावा : तणिकाचलम, कर्पगम, त्यागराजन, मयिलापूर, तिरुवारूर, तिरुत्तणी.

प्रश्न २. पुढील नावांवरून जात ओळखा : एस. कार्तिकेयन, आर. शांती, पी. मणिकंडन. (हा प्रश्न रद्द करण्यात आला आहे. ज्यांनी पेन्सिलीला टोक काढायला घेतलं होतं, त्यांनी पाठ १ पासून पुन्हा सुरुवात करावी.)

प्रश्न ३, तोंडी. हा प्रश्न तुमच्या खात्यातले लोक विचारतील, आणि तारीख आधी सांगणार नाहीत. समजा तुमचं नाव संतोष विठ्ठल पवार. ओळखपत्र हातात आलं की त्यावर छापलेलं असेल 'पी. संतोष'. आता तुमचे तमिळ सहकारी ते कसं वाचतील? बरोबर. पी म्हणजे वडील. एके दिवशी एम. सरवणन जेवताना आपुलकीनं विचारील, "अप्पा पवार बरे आहेत ना?" अप्पा विठ्ठल तिकडं फलटणला आहेत आणि पवार नावाच्या एकट्या माणसाचा या जगात पत्ता नाही. तुम्ही काय कराल?

चुकीचं उत्तर : थांबून त्याला शहाण्णव कुळी, देवक आणि मूळ गाव समजावून सांगणे.

बरोबर उत्तर : "बरे आहेत. तुझे?" आणि मग तो एम कोण, काय करतो, गुडघे कसे आहेत, हे ऐकून घेणे. एवढ्या पाठांनंतर 'कुठले?' या प्रश्नाचं काम या प्रश्नानं होतं, हे ज्याला दिसलं तो उत्तीर्ण.

उत्तीर्णांना प्रमाणपत्र मिळेल. त्यावर नावासाठी एकच रकाना आहे. त्यात आडनाव कोंबणाऱ्यांनी पुढच्या तुकडीत बसावे.